फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीत जाण्यापूर्वी : हेझिंग ओळखावे कसे, त्यातून बाहेर पडावे कसे

अमेरिकेतील विद्यापीठात शिकायला गेलेल्या मुलामुलींना पहिल्या काही आठवड्यांतच ग्रीक अक्षरांच्या पाट्या लावलेली घरे दिसू लागतात. मुलांच्या संघटनेला फ्रॅटर्निटी आणि मुलींच्या संघटनेला सोरॉरिटी म्हणतात. ग्रीक अक्षरांच्या या संघटनांची परंपरा १७७६ साली विल्यम अँड मेरी कॉलेजात स्थापन झालेल्या फाय बीटा कॅपापासून सुरू होते. परक्या देशात हक्काची माणसे, राहायला घर आणि पुढे नोकरीसाठी ओळखीपाळखी हे त्यांचे फायदे खरे आहेत, त्यामुळे तिकडे फिरकूच नका असे सांगण्याचा येथे हेतू नाही. मात्र सभासद करून घेण्यापूर्वी नवख्यांकडून जे अपमानास्पद, घातक किंवा बेकायदा प्रकार करून घेतले जातात, ज्यांना तेथे हेझिंग म्हणतात, त्यांत दरवर्षी तरुण जीव धोक्यात येतात. हँक न्यूवर या पत्रकाराने कित्येक वर्षे ठेवलेल्या नोंदींनुसार १९५९ ते २०२१ या काळात अमेरिकेत हेझिंगमुळे एकही मृत्यू झाला नाही असे वर्ष गेलेले नाही.

रॅगिंग आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा हेझिंगही सहज ओळखता येईल, असे समजू नये. रॅगिंग ज्याच्यावर होते त्याला ते नको असते आणि आपल्यावर अन्याय होतो आहे हे त्याला पहिल्या क्षणापासून कळत असते. हेझिंगमध्ये मुलगा स्वतःच्या पायांनी गेलेला असतो, निवड झाल्याचा त्याला आनंद झालेला असतो आणि समोरचे लोक उद्या आपले मित्र व्हावेत असे त्याला मनापासून वाटत असते. त्यामुळे ‘नाही’ म्हणणे अतिशय अवघड होऊन बसते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ५३ शिक्षणसंस्थांतील ११,४८२ विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्यात आले होते. क्लब, संघ आणि संघटनांत असलेल्यांपैकी ५५ टक्के जणांना हेझिंगचा अनुभव आलेला होता, परंतु ज्यांच्यावर ते प्रकार झाले त्यांच्यातील दहापैकी नऊ जण त्याला हेझिंग म्हणायला तयार नव्हते. म्हणूनच सगळे महत्त्वाचे निर्णय आधी, घरी बसून, शुद्धीत आणि एकट्याने घेऊन ठेवावेत. रात्री अकरा वाजता, वीस जणांच्या घोळक्यात आणि हातात बाटली असताना ते घेता येत नाहीत.

निमंत्रण स्वीकारण्यापूर्वीची चौकशी

सभासदत्वाच्या निमंत्रणाला तेथे ‘बिड’ म्हणतात, तर निमंत्रण स्वीकारलेल्या उमेदवाराला ‘प्लेज’ किंवा ‘न्यू मेंबर’ म्हणतात. बिड हाती येण्यापूर्वीच त्या शाखेचा, म्हणजे ‘चॅप्टर’चा, पूर्वेतिहास तपासावा. पूर्वी हे फार कठीण होते. डिसेंबर २०२४ मध्ये ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट’ हा केंद्रीय कायदा झाल्यापासून परिस्थिती बदलली आहे. केंद्र सरकारची आर्थिक मदत घेणाऱ्या महाविद्यालयांना आता वार्षिक सुरक्षा अहवालात हेझिंगच्या घटनांची आकडेवारी द्यावी लागते आणि शिवाय ‘कॅम्पस हेझिंग ट्रान्स्परन्सी रिपोर्ट’ नावाचा स्वतंत्र अहवाल आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला ठेवावा लागतो. दोषी ठरलेल्या संघटनेचे नाव, काय घडले याचे थोडक्यात वर्णन, त्यात मद्य किंवा अमली पदार्थ होते का, चौकशी केव्हा सुरू झाली व केव्हा संपली आणि शिक्षा काय झाली, हे सारे त्यात असते. विद्यापीठाचे नाव आणि या अहवालाचे नाव एकत्र शोधल्यास तो सापडतो. वाचताना एक भान ठेवावे की, त्यात फक्त सिद्ध झालेली प्रकरणे असतात, आणि ज्या प्रकाराबद्दल तक्रारच होत नाही तो सिद्ध कोठून होणार? अहवालात नाव असणे हा पुरेसा इशारा आहे, पण नाव नसणे ही हमी नव्हे.

त्यानंतर विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण कार्यालयात त्या चॅप्टरला सध्या मान्यता आहे का, हे विचारावे. मान्यता काढून घेतलेले काही चॅप्टर कॅम्पसबाहेर भाड्याच्या घरातून गुपचूप चालू राहतात, त्यांच्या नावाचे टी-शर्ट आणि मेजवान्या तशाच असतात, परंतु त्यांच्यावर देखरेख कोणाचीच नसते. अशा ठिकाणी पाऊल टाकू नये. येथे अपवाद करण्याजोगे कोणतेही कारण मला दिसत नाही.

मग चॅप्टरच्या जुन्या सभासदांना थेट प्रश्न करावेत. नव्या सभासदांचा कालावधी किती आठवड्यांचा आहे? त्यातील कार्यक्रमांचे लेखी वेळापत्रक मिळेल का? दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल तर काय करतात? गेल्या वर्षी मधूनच सोडून गेलेल्या एखाद्याशी बोलता येईल का? या शेवटच्या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा नीट पाहावा. जेथे लपवण्यासारखे काही नसते तेथे नाव आणि फोन नंबर लगेच मिळतो. ‘ते सगळं आत आल्यावर कळेल’ असे उत्तर मिळाले, तर चौकशी तेथेच पूर्ण झाली असे समजावे.

आपल्याच वर्णाच्या, आपल्याच भागातून आलेल्या मुलांची संघटना म्हणजे ती सुरक्षित, ही समजूत मनातून काढून टाकावी. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजातील १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याला पाय डेल्टा साय या आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीने पेनसिल्व्हेनियातील पोकोनो डोंगरात नेले. तेथे डोळ्यांवर पट्टी बांधून, पाठीवर जड ओझे देऊन त्याला अंधारात चालायला लावले आणि धक्के देऊन पुन्हा पुन्हा खाली पाडले. तो बेशुद्ध झाल्यावरही त्याला रुग्णालयात न्यायला उशीर करण्यात आला. पुढे न्यायालयाने खुद्द त्या फ्रॅटर्निटीला दोषी ठरवले आणि २०१८ मध्ये दहा वर्षांसाठी पेनसिल्व्हेनियातून हद्दपार केले.

हेझिंग पायरी पायरीने कसे वाढते

पहिल्या दिवशी कोणीही मारत नाही. आधी घर झाडणे, जुन्या सभासदांना गाडीने ने-आण करणे, मध्यरात्री खायला आणून देणे अशी कामे येतात. मग ठरावीक कपडे घालण्याची आणि ठरावीक लोकांशीच बोलण्याची सक्ती होते. पुढे कार्यक्रमाच्या वेळी फोन काढून घेतले जातात, पहाटे तीनला बोलावणे येते, झोप मोडते आणि वर्गात डोळे मिटू लागतात. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच वर असल्यामुळे ‘एवढं केलं, मग हे का नको’ असे मनच सांगू लागते. कोणत्या पायरीवर थांबायचे हे ठरवण्यासाठी दोन खुणा मला सर्वांत भरवशाच्या वाटतात. पहिली खूण म्हणजे ते काम जुने सभासद स्वतः बरोबरीने करत आहेत की केवळ उभे राहून पाहत आहेत. दुसरी म्हणजे ‘हे बाहेर सांगायचं नाही’ हे वाक्य. गुप्त हस्तांदोलन किंवा गुप्त प्रार्थना असू शकते, त्यात काही वावगे नाही. परंतु आपल्या शरीराचे काय केले जाणार आहे हे गुप्त असता कामा नये. फोन काढून घेतला जात असेल, तर त्याच क्षणी निघावे, कारण पुढे मदत बोलावण्याचे साधन तेच असते.

सोरॉरिटीतले प्रकार वरून सौम्य दिसतात म्हणून ते निभावून नेण्याकडे कल असतो. मुलींच्या शरीरावरून, वजनावरून सर्वांसमोर बोलणे, एखादीशी सर्वांनी अबोला धरणे, रात्र रात्र जागवणे आणि फ्रॅटर्निटीच्या मेजवानीत दारू पिण्यासाठी भरीला पाडणे हे सारे हेझिंगच आहे. जिवावर बेतणारे प्रसंग तेथेही घडतात. सप्टेंबर २००२ मध्ये लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावर रात्रीच्या वेळी दोन विद्यार्थिनी समुद्रात बुडून मरण पावल्या, आणि सोरॉरिटीत प्रवेश मिळवण्यासाठी चाललेल्या प्रकारात त्यांचा बळी गेल्याचा आरोप त्यांच्या कुटुंबीयांनी न्यायालयात केला होता.

दारूच्या रात्री

फ्रॅटर्निटीतील अलीकडच्या बहुतेक मृत्यूंच्या मुळाशी थोड्या वेळात पाजलेली भरमसाट दारू आहे. त्या रात्रींची नावे माहीत असावीत. बिड स्वीकारल्याची रात्र, नव्या सभासदाला ‘मोठा भाऊ’ नेमून देण्याची ‘बिग-लिटल’ रात्र आणि दीक्षेपूर्वीचा ‘हेल वीक’ या तिन्ही वेळी विशेष सावध राहावे. मार्च २०२१ मध्ये ओहायोतील बोलिंग ग्रीन स्टेट विद्यापीठात अशाच बिग-लिटल रात्री एका विद्यार्थ्याला मद्याची आख्खी बाटली संपवायला लावून घरी सोडून देण्यात आले, आणि तीन दिवसांनी तो मरण पावला. सप्टेंबर २०१७ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठात फ्रॅटर्निटीच्या इतिहासावर आणि ग्रीक अक्षरांवर प्रश्न विचारण्यात आले आणि चुकेल त्याला १९० प्रूफचे, म्हणजे ९५ टक्के अल्कोहोलचे, मद्य प्यायला लावले. त्यात मरण पावलेल्या मॅक्स ग्रूव्हरच्या रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण ०.४९५ टक्के होते. वाहन चालवण्यासाठी तेथील कायद्याने घातलेली मर्यादा ०.०८ आहे.

यामागचा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा. अमेरिकेत एक ‘स्टँडर्ड ड्रिंक’ म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, आणि यकृत साधारणपणे तासाला एवढ्याच अल्कोहोलचा निचरा करू शकते. ४० टक्के अल्कोहोलच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत अशी सुमारे १७ ड्रिंक असतात. म्हणजे जी बाटली अर्ध्या तासात संपवायला सांगतात, तिचा निचरा व्हायला शरीराला १७ तासांच्या आसपास वेळ लागेल. शिवाय पिणे थांबले तरी पोटातले अल्कोहोल रक्तात मिसळतच राहते. म्हणून ‘आता झोपलाय, उतरेल’ हा समज अत्यंत घातक आहे, कारण झोपलेल्या माणसाची अवस्था पुढच्या तासाभरात आणखी खालावू शकते. ओकारी आली असता ती श्वासनलिकेत जाऊ नये यासाठी शरीराची जी आपोआप होणारी हालचाल असते, तीही या अवस्थेत मंदावते.

दारू नाही म्हणजे धोका नाही, असेही नव्हे. फेब्रुवारी २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील चिको येथे एका विद्यार्थ्याला थंडगार तळघरात व्यायाम करायला लावून सतत पाणी पाजण्यात आले, त्यामुळे रक्तातील सोडियम घसरून मेंदूला सूज आली आणि तो दगावला. डोकेदुखी, उलट्या, गोंधळल्यासारखे बोलणे, झटके ही पाणी अती झाल्याची लक्षणे असतात, आणि अशा वेळीही ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी लागते.

कोणी पडला तर

२ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री पेन स्टेट विद्यापीठातील बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या घरात टिमोथी पियाझा हा १९ वर्षांचा विद्यार्थी बिड स्वीकारण्याच्या कार्यक्रमाला गेला होता. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार त्याला ८२ मिनिटांत १८ ड्रिंक देण्यात आली. रात्री अकराच्या सुमारास तो तळघराच्या जिन्यावरून खाली कोसळला. घरात बसवलेल्या कॅमेऱ्यांमुळे पुढचे सारे नोंदले गेले. मुलांनी त्याला उचलून सोफ्यावर ठेवले, तोंडावर पाणी मारले आणि तो पाठीवर वळून उलटीने गुदमरू नये म्हणून त्याच्या पाठीला सामानाने भरलेली सॅक अडकवली. म्हणजे धोका त्यांना कळत होता. एका नव्या मुलाने ‘याला दवाखान्यात न्या’ असा आग्रह धरला, तर त्यालाच ढकलून गप्प करण्यात आले. सकाळी टिमोथी तळघरात थंडगार पडलेल्या अवस्थेत सापडला, आणि तेव्हाही फोन करायला पाऊण तासाच्या आसपास वेळ गेला. पडल्यापासून ९११ ला, म्हणजे तेथील आपत्कालीन मदतीच्या क्रमांकाला, फोन होईपर्यंत जवळजवळ बारा तास उलटले होते. ४ फेब्रुवारीला तो मरण पावला.

त्या घरात डझनावारी मुले होती आणि प्रत्येकाच्या खिशात फोन होता. मी हा प्रसंग इतक्या तपशिलाने सांगतो आहे, कारण पुढील सूचना त्याच बारा तासांविषयी आहेत.

माणूस हाका मारून, खांदा हलवून, चिमटा काढून जागा होत नसेल, तर तो झोपलेला नसून बेशुद्ध आहे असे धरून चालावे. घड्याळ पाहून अर्धा मिनिट श्वास मोजावेत. ते चारपेक्षा कमी भरले किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून अधिक खंड पडला तर ती जिवावरची वेळ आहे. ओठ वा नखे निळसर-पांढुरकी पडणे, अंग गार लागणे, झटके येणे, शुद्ध नसताना उलटी होणे यांपैकी एकही लक्षण दिसले तरी बाकीची दिसण्याची वाट पाहू नये. डोक्यावर पडलेला माणूस नंतर बोलला-चालला तरी त्याला डॉक्टरांना दाखवावेच.

९११ ला फोन स्वतः करावा. ‘कुणीतरी करा’ असे म्हटले की कोणीच करत नाही. घराचा पत्ता आधी सांगावा, मग काय झाले ते, किती आणि काय प्यायला हे ठाऊक असेल तर तेही. अध्यक्षाला विचारून सांगतो, असे म्हणणाऱ्याचे ऐकू नये, कारण यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नसते. स्वतःच्या गाडीत घालून रुग्णालयाकडे धाव घेणे हाही पर्याय नव्हे. २०२१ साली मिझुरी विद्यापीठातील एका नवख्याला त्याच्या फ्रॅटर्निटीतील मुलांनी असेच गाडीने नेले, आणि रुग्णालयाच्या दारात पोहोचले तेव्हा त्याचा श्वास थांबलेला होता. तो वाचला, परंतु त्याची दृष्टी गेली आणि त्याला चालता-बोलता येईनासे झाले. रुग्णवाहिका येईपर्यंत माणसाला कुशीवर वळवावे, वरचा गुडघा पुढे वाकवावा, तोंड किंचित जमिनीकडे ठेवावे आणि त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. मात्र तो उंचावरून पडला असेल तर मान वळू न देता फोनवरील व्यक्ती सांगेल तसेच करावे. कॉफी, थंड पाण्याचा फवारा, चालवत फिरवणे यांनी अल्कोहोल तसूभरही उतरत नाही. श्वास थांबला तर फोनवरील व्यक्ती छाती दाबण्याची कृती सांगते, तिचे ऐकावे.

आपले वय २१ पेक्षा कमी आहे, आपणही प्यायलो आहोत, पोलीस येतील आणि व्हिसा जाईल, या भीतीने आपल्याकडची मुले फोन करायला कचरतात. ही भीती समजण्यासारखी आहे. परंतु वैद्यकीय मदत बोलावणाऱ्याला मद्यपानाच्या गुन्ह्यातून सूट देणारे कायदे अनेक राज्यांत आहेत, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी तेथेच थांबणे, खरे नाव सांगणे व सहकार्य करणे एवढीच अट असते. आपल्या राज्याचा आणि विद्यापीठाचा ‘मेडिकल अ‍ॅम्नेस्टी’ नियम पहिल्याच आठवड्यात शोधून वाचून ठेवावा. त्याउपर काही कायदेशीर अडचण आलीच, तर कशावरही सही करण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी आणि वकिलाशी बोलावे.

बाहेर पडणे आणि तक्रार करणे

सोडण्यासाठी समोरासमोर बसून कारणे देण्याची गरज नाही. ‘मी आजपासून नव्या सभासदांच्या कार्यक्रमातून बाहेर पडत आहे’ असा एका ओळीचा ईमेल चॅप्टरच्या अध्यक्षाला आणि या संघटनांचे काम पाहणाऱ्या विद्यापीठाच्या ‘ग्रीक लाइफ’ कार्यालयाला एकाच वेळी पाठवावा. कोणी भेटायला बोलावले तर एकट्याने जाऊ नये. आधीच भरलेले पैसे बुडतील म्हणून थांबणारे पुष्कळ असतात, ते पैसे गेले असेच समजावे. त्या घरातच राहत असाल, तर तात्पुरती जागा आधी ठरवावी आणि मगच ईमेल पाठवावा.

तक्रार करायची असेल तर संदेश, गटातील संभाषणे, छायाचित्रे, जखमांचे फोटो जपून ठेवावेत, गट सोडण्यापूर्वी सगळ्याची प्रत काढावी आणि काय, कुठे, किती वाजता, कोणासमोर घडले हे त्याच दिवशी लिहून काढावे. विद्यार्थी आचारसंहिता कार्यालय, कॅम्पस पोलीस आणि त्या फ्रॅटर्निटीचे राष्ट्रीय मुख्यालय या तिन्हींकडे तक्रार करता येते. नाव न देता बोलायचे असेल तर १-८८८-६६८-४२९३ ही हेझिंगविरोधी निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे, आणि मनाची अवस्था फारच बिघडली असेल तर ९८८ वर दिवसरात्र केव्हाही बोलता येते. ‘मी तर स्वतःहून प्यायलो होतो, मग तक्रार कशी करू’ हा प्रश्न मनातून काढून टाकावा. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियात झालेल्या टिमोथी पियाझा कायद्याने विद्यार्थ्याची संमती हा बचाव ठरत नाही, आणि हेझिंगमुळे मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर सात वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. लुइझियाना, फ्लोरिडा, ओहायो यांसारख्या राज्यांनीही गेल्या काही वर्षांत असेच कठोर कायदे केले आहेत.

घरी असलेल्या आईवडिलांसाठी

१९७४ च्या फर्पा या कायद्यामुळे विद्यापीठ मुलाच्या नोंदी त्याच्या संमतीविना सहसा पालकांना देत नाही, त्यामुळे काही घडले तर विद्यापीठ आपल्याला आपणहून कळवेल असे गृहीत धरू नये. निघण्यापूर्वीच मुलाशी बोलून, त्याची तयारी असेल तर, माहिती देण्याच्या संमतीपत्रावर त्याची सही घ्यावी आणि त्याच्या खोलीतील साथीदाराचा नंबर आपल्याकडे असू द्यावा. ‘पीत तर नाहीस ना’ असे विचारल्यास उत्तर ठरलेलेच असते. त्याऐवजी काल किती वाजता झोपलास, या आठवड्यात कोणाची कामे केलीस, फोन का बंद होता, असे साधे प्रश्न दर आठवड्याला विचारावेत आणि उत्तर ऐकून लगेच ओरडू नये. झोप तुटलेली, बोलणे त्रोटक, गुण घसरलेले आणि ‘अजून दोनच आठवडे’ हे पालुपद ऐकू येऊ लागले, तर त्याच दिवशी त्याला सांगावे की, तू सोडून आलास तरी आम्हाला त्यात कमीपणा वाटणार नाही आणि भरलेल्या पैशांबद्दल आम्ही एक शब्दही काढणार नाही.